गोळीच्या आधीचे कागद

११ एप्रिल १९९९ हा ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे ईस्टरचा रविवार होता. नाटोच्या विमानांनी युगोस्लाव्हियावर, म्हणजे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्या तेव्हाच्या संघराज्यावर, बॉम्ब टाकायला सुरुवात केली त्याला अठरा दिवस उलटले होते, तरी सण म्हणून राजधानी बेलग्रेडच्या मध्यवस्तीत लोक बाहेर पडले होते. एक जोडपे शहरात फेरफटका मारून, बाहेरच जेवून, उतरत्या दुपारी घराकडे परतत होते. इमारतीत शिरताना लागणाऱ्या बोळापाशी ती दोघे पोहोचली आणि त्यांच्या मागून दोन माणसे आली. पुरुषाच्या पाठीत गोळ्या घुसल्या, तो खाली पडल्यावर पुन्हा झाडल्या गेल्या आणि त्याच्या सोबतच्या बाईंच्या डोक्यावर पिस्तुलाचा तडाखा बसला. त्या बाई म्हणजे इतिहासकार ब्रांका पर्पा. त्या वाचल्या. मारले गेले ते स्लाव्को चुरुविया, वय ४९, ‘द्नेव्नी टेलिग्राफ’ या दैनिकाचे आणि ‘एवरोप्ल्यानिन’ या नियतकालिकाचे मालक व संपादक.

या घटनेतली एक गोष्ट सांगताना बहुधा गाळली जाते. चुरुविया यांना गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा त्यांचे दैनिक निघतच नव्हते. युद्ध सुरू होताच लष्करी सेन्सॉरपुढे पाने मांडण्यापेक्षा छपाई थांबवलेली बरी, असे त्यांनी ठरवले होते. त्याआधीच्या सहा महिन्यांत त्या दैनिकावर बंदी आली होती, दंड बसले होते, कचेरीतले सामान उचलले गेले होते आणि संपादकाला तुरुंगवासाची शिक्षा सुनावून झाली होती. ज्याला गप्प करायचे होते तो माणूस जवळजवळ गप्प झालेलाच होता. मग गोळी कशासाठी, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याहून कळीचा प्रश्न असा की, गोळीआधीचे जे काम होते ते कोणी केले, कोणत्या टेबलावर केले आणि त्याचा हिशेब कधी कोणी मागितला का? माझे म्हणणे एवढेच आहे की चुरुविया यांचे वृत्तपत्र मारेकऱ्यांनी बंद पाडले नाही, ते सही-शिक्क्याने बंद पाडले गेले; आणि खुनाच्या खटल्यावरच सगळे लक्ष खिळवून आपण त्या सही-शिक्क्याला फुकटची सुटका देतो.

चुरुविया हे काही सोवळ्यातले पत्रकार नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. जन्म क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथला, १९४९ चा. शिक्षण बेलग्रेडमध्ये राज्यशास्त्राचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी काही काळ संघराज्याच्या गृहखात्यात विश्लेषक म्हणून नोकरी केली, म्हणजे पुढे ज्या यंत्रणेने त्यांचा माग काढला तिच्या शेजारच्या दालनात ते स्वतः बसून आलेले होते. नंतर ते ‘बोर्बा’ या दैनिकात आले. ‘बोर्बा’ म्हणजे ‘लढा’. एकेकाळचे कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र, पण नव्वदच्या दशकाच्या आरंभी युद्धाच्या उन्मादात डोके शाबूत ठेवणाऱ्या थोड्या वृत्तपत्रांपैकी एक. १९९४ च्या अखेरीस सरकारने ते ताब्यात घेतले आणि बाहेर पडलेल्या पत्रकारांनी ‘नाशा बोर्बा’, म्हणजे ‘आमचा लढा’, या नावाने वेगळे पत्र काढले. चुरुविया यांनी मात्र खाजगी मालकीची वाट धरली. आधी साप्ताहिक, मग १९९६ मध्ये ‘द्नेव्नी टेलिग्राफ’ हे दैनिक. ते लहान आकाराचे, ठळक मथळ्यांचे, चटपटीत पत्र होते. बातमी लवकर आणि थेट आतून आणायची ही त्याची ख्याती होती. ती बातमी आतून येत असे, कारण संपादकाचे आत जाणे-येणे होते.

आत म्हणजे कुठपर्यंत? तर थेट राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविचची पत्नी मिरा मार्कोविच हिच्यापर्यंत. मिरा ही केवळ अध्यक्षाची बायको नव्हती; ‘युल’ या सत्तेत सहभागी असलेल्या डाव्या पक्षाची ती नेता होती आणि देशातल्या नेमणुका-बडतर्फ्यांत तिचा हात चालतो हे बेलग्रेडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. चुरुविया तिच्याशी बोलत, तिला भेटत, राजवाड्यातल्या घडामोडी त्यांना कळत. हे संबंध १९९८ मध्ये तुटले. कोसोव्होतील, म्हणजे सर्बियाच्या अल्बेनियन बहुसंख्येच्या प्रांतातील, दमन वाढत चालले होते, विद्यापीठांची स्वायत्तता कायद्याने काढून घेतली गेली होती आणि हे घराणे देशाला खड्ड्यात नेत आहे असे त्यांनी तोंडावर सांगितल्यानंतर ते तुटले, असा सर्वसाधारण समज आहे.

या पार्श्वभूमीमुळे अनेकांना चुरुविया यांच्याविषयी मनापासून हळहळ वाटणे अवघड गेले. सर्बियातल्या युद्धविरोधी, शुद्ध चारित्र्याच्या पत्रकारांनाही त्यांच्या पत्राचा भडकपणा आणि त्यांचे दरबारी संबंध खटकत. मला मात्र वाटते की याच कारणासाठी हे प्रकरण अभ्यासायला हवे. वृत्तपत्रस्वातंत्र्य हे चांगल्या वर्तणुकीचे प्रशस्तिपत्र नाही. संपादक निष्कलंक आहे की नाही हे आधी तपासून मग त्याच्या बाजूने उभे राहायचे, असा नियम केला तर राज्यकर्त्यांचे काम फार सोपे होते: त्यांना संपादकाला गप्प करावेच लागत नाही, तो आपल्यापैकी नाही एवढे पटवून दिले की बाकीचे संपादक आपोआप मान फिरवतात. शिवाय सत्तेच्या माजघरात वावरलेला माणूस बाहेर येऊन बोलू लागला की सत्तेला जितका धाक वाटतो तितका आयुष्यभर अंगणाबाहेर उभे राहून ओरडणाऱ्याचा वाटत नाही. मिलोशेविचच्या राजवटीने इतर स्वतंत्र पत्रांना छळले, पण चुरुविया यांच्यावरचा राग निराळ्या जातीचा होता. तो घरभेद्यावरचा राग होता.

आता ऑक्टोबर १९९८ चा महिना तपशिलाने पाहू, कारण सगळे त्यात आहे. कोसोव्होवरून नाटोने हवाई हल्ल्यांची धमकी दिली होती. त्या धमकीचा आधार घेऊन सर्बियाच्या सरकारने महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक वटहुकूम काढला. हल्ल्याचे सावट असताना भय, घबराट आणि पराभूत वृत्ती पसरवणाऱ्या प्रसारमाध्यमांवर कारवाई करता येईल, असा त्याचा मथितार्थ. १३ ऑक्टोबरला अमेरिकेचे दूत रिचर्ड होलब्रुक आणि मिलोशेविच यांच्यात समझोता जाहीर झाला आणि हल्ला टळला. नेमक्या त्याच वेळी, त्या वटहुकुमाच्या आधारे, ‘द्नेव्नी टेलिग्राफ’, ‘दानास’ आणि ‘नाशा बोर्बा’ या तीन दैनिकांना टाळे लागले. संकट टळत असताना संकटकाळाचा हुकूम बजावला गेला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. देशाच्या रक्षणासाठी थोडे स्वातंत्र्य आखडावे लागते असे सांगणाऱ्यांनी या तारखा एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहाव्यात.

चुरुविया यांनी उत्तर दिले ते त्याच महिन्यात, ‘एवरोप्ल्यानिन’मधून. ‘एवरोप्ल्यानिन’ म्हणजे ‘युरोपीय माणूस’. हे नाव ठेवण्यातही एक बाजू घेतलेली होती. त्यात त्यांनी पत्रकार अलेक्सांदर तियानिच यांच्यासह मिलोशेविचला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. मथळा होता, ‘पुढे काय, मिलोशेविच?’ दहा वर्षांत देशाच्या संस्था कशा पोखरल्या गेल्या, नागरिक कसे सततच्या आणीबाणीच्या मानसिकतेत जगत आले, जगात देश कसा एकटा पडला, याचा तो जमाखर्च होता. त्यातली भाषा अर्ज-विनंतीची नव्हती आणि शिवीगाळीचीही नव्हती. हिशेब मागणाऱ्याचा जो रोखठोक सूर असतो तो त्यात होता. ज्याने कालपर्यंत पंगतीला बसून ताट स्वीकारले त्याने यजमानाकडे असा हिशेब मागावा, हे मिलोशेविच कुटुंबाला सोसण्यासारखे नव्हते.

२० ऑक्टोबरला सर्बियाच्या संसदेने नवा माहिती कायदा मंजूर केला. तो तयार करून पुढे रेटणारे माहितीमंत्री होते अलेक्सांदर वूचिच, तेव्हा वय २८, वोयिस्लाव शेशेल यांच्या कडव्या राष्ट्रवादी रॅडिकल पक्षाचे सरचिटणीस. या कायद्याची करामत अशी की त्यात तुरुंगवासाचा बाऊ नव्हता. परदेशी नभोवाणीचे कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करायला त्यात बंदी होती, ती वेगळी. पण वृत्तपत्रांसाठी त्याचे मुख्य हत्यार दंड हे होते आणि त्या हत्याराची धार वेळेत होती. तक्रार दाखल झाली की किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायाधीशापुढे, म्हणजे आपल्याकडे ज्याच्यापुढे वाहतुकीचे नियम मोडल्याची प्रकरणे जातात तशा दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे, चोवीस तासांच्या आत सुनावणी. छापलेले खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार वृत्तपत्रावर, आणि तो त्या चोवीस तासांतच उचलायचा. दंड झाला की तो भरायलाही चोवीस तास. न भरल्यास मालमत्तेची जप्ती. अपील करायचे तर करा, पण वसुली त्यासाठी थांबणार नाही.

या कायद्याखालचा पहिला मोठा बळी ‘एवरोप्ल्यानिन’ ठरला. कायदा मंजूर होऊन तीन-चार दिवस होतात न होतात तोच, एका देशभक्त म्हणवणाऱ्या संघटनेच्या तक्रारीवरून, त्या पत्राबद्दल प्रकाशक, संपादक आणि संबंधितांना मिळून २४ लाख दिनारांचा दंड ठोठावला गेला. वस्तुतः लेख कायद्याच्या आधी छापला गेला होता, पण तो मुद्दा ऐकायला चोवीस तासांत कोणाला सवड होती? २४ लाख दिनार म्हणजे तेव्हाच्या अधिकृत दराने सुमारे २ लाख ४० हजार डॉलर. पण डॉलरमध्ये सांगून याचे वजन कळत नाही. त्या काळी सर्बियात सरासरी पगार महिन्याला हजार दिनारांच्या आसपास होता. म्हणजे दंडाची ही रक्कम एका माणसाच्या दोनशे वर्षांच्या पगाराएवढी होती आणि ती दुसऱ्या दिवशी भरायची होती. ती भरली गेली नाही हे सांगायला नको. पोलीस आले, कचेरीतले सामान उचलले, छापून तयार असलेले अंक नेले.

वृत्तपत्राच्या कचेरीत ज्यांनी रात्रपाळी काढली आहे त्यांना अशा दंडाचा खरा मार कुठे बसतो ते सांगावे लागत नाही. कागदाच्या रिळांचे पैसे उधारीवर असतात. छापखान्याला आठवड्याला काहीतरी द्यावे लागते. विक्रेत्याला उद्या अंक येणार याची खात्री नसेल तर तो दुसऱ्या पत्राचा गठ्ठा उचलतो. जाहिरातदार तर वारा ओळखूनच पैसे टाकतो. एका दंडाने यातला एकेक दुवा तुटत जातो. छापखान्याचा मालक म्हणतो, तुमचे छापले तर उद्या माझ्या दारात पोलीस. वार्ताहर म्हणतो, दोन महिने पगार नाही, मला घर चालवायचे आहे. यातला कोणीही भ्याड नसतो आणि कोणीही सरकारचा हस्तक नसतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागतो आणि त्या सगळ्या शहाणपणांची बेरीज म्हणून वृत्तपत्र बंद पडते. सरकारला हात काळे करावे लागत नाहीत.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. आपण मुस्कटदाबी म्हटली की मंडाले आठवतो. लोकमान्यांची १९०८ ची सहा वर्षांची शिक्षा आठवतो. पण शिवराम महादेव परांजपे यांचा ‘काळ’ संपादकाच्या कारावासाने संपला नव्हता. तो संपला नंतर, इंग्रज सरकारने जबर जामीन मागितल्यावर. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याचा सगळा भर त्या जामिनावर होता. संपादक तुरुंगात गेला की त्याची मिरवणूक निघते, त्याच्यावर पोवाडे होतात. जामीन भरता आला नाही म्हणून बंद पडलेल्या पत्रासाठी कोणी मिरवणूक काढत नाही. बेलग्रेडच्या तरुण माहितीमंत्र्याने १९१० चा तो कायदा वाचला असण्याचे कारण नाही. राज्य करणाऱ्यांना हे ज्ञान वाचून मिळवावे लागत नाही.

चुरुविया थांबले नाहीत. त्यांनी दैनिकाची नोंदणी मॉन्टेनेग्रोची राजधानी पोदगोरित्सा येथे हलवली. मॉन्टेनेग्रो त्याच संघराज्याचा भाग, पण तिथले सरकार मिलोशेविचपासून फटकून वागत होते. तिकडून येणारे गठ्ठे सर्बियात रस्त्यात जप्त होऊ लागले. नोव्हेंबरमध्ये ‘ओत्पोर’ या नव्याने निघालेल्या विद्यार्थी संघटनेची वळलेल्या मुठीच्या चिन्हाची जाहिरात छापल्याबद्दल आणखी १२ लाख दिनारांचा दंड झाला. म्हणजे आता लेखही नको, पैसे घेऊन छापलेली एक मूठसुद्धा पुरेशी होती. डिसेंबरात चुरुविया वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकी काँग्रेसच्या हेलसिंकी आयोगापुढे त्यांनी सर्बियातील माध्यमांच्या स्थितीविषयी साक्ष दिली. ८ मार्च १९९९ रोजी, एका उपपंतप्रधानावर आरोप करणाऱ्या बातमीबद्दल, त्यांना आणि त्यांच्या दोघा पत्रकारांना प्रत्येकी पाच महिन्यांची शिक्षा झाली. त्या शिक्षेवर अपील बाकी असतानाच, १६ दिवसांनी, बॉम्ब पडू लागले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. सर्बियाच्या बाजूने कोणी म्हणेल, की एकोणीस राष्ट्रांची आघाडी आपल्या शहरांवर बॉम्ब टाकण्याच्या तयारीत असताना त्या आघाडीच्या म्होरक्या देशाच्या राजधानीत जाऊन साक्ष देणाऱ्या संपादकाला लोकांनी काय हारतुरे घालायचे? हा प्रश्न टाकाऊ नाही. नाटोची ती मोहीम सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना झाली, तीत नागरिक मेले, आणि चुरुविया यांच्या खुनानंतर बाराच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, नाटोने बेलग्रेडमधील सरकारी दूरचित्रवाणीची इमारतच उडवली. १६ कर्मचारी ठार झाले, तंत्रज्ञ, रखवालदार, रंगभूषाकार अशी माणसे. धोरण ठरवणारा एकही त्यात नव्हता. प्रचाराचे केंद्र म्हणून ते लक्ष्य वैध होते, असे नाटोने म्हटले. माध्यम हे लष्करी लक्ष्य आहे, या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते असे म्हणावे लागते. पुढे या मृत्यूंबद्दल शिक्षा झाली ती एकाच माणसाला: हल्ल्याची शक्यता माहीत असून कर्मचाऱ्यांना बाहेर न काढल्याबद्दल त्या वाहिनीच्या संचालकाला दहा वर्षे.

पण आक्षेपाचे उत्तर यात नाही, ते तारखांत आहे. ‘द्नेव्नी टेलिग्राफ’वरची बंदी युद्धाच्या पाच महिने आधीची. कायदा पाच महिने आधीचा. दंड, जप्ती, जाहिरातीवरचा खटला हे सगळे शांततेच्या काळातले. वॉशिंग्टनची साक्ष डिसेंबरातली, म्हणजे गळा आवळून झाल्यानंतरची. देशात बोलण्याच्या सगळ्या जागा बंद करायच्या आणि माणूस देशाबाहेर जाऊन बोलला की त्याला फितूर ठरवायचे, ही तोंड दाबून बुक्क्यांचा मार देण्याची जुनीच रीत आहे. बुक्का बसल्यावर तोंडातून जो आवाज येतो तोच पुढे पुरावा म्हणून दाखवला जातो.

तो पुरावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मांडला गेला. ‘पोलितिका एक्सप्रेस’ या सत्ताधार्‍यांच्या कलाने चालणाऱ्या दैनिकात ‘चुरुविया यांना हवे ते बॉम्ब आले’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला आणि सरकारी दूरचित्रवाणीच्या मुख्य बातमीपत्रात तो वाचून दाखवला गेला. देश अंधारात बसलेला, भोंगे वाजताहेत, लोक तळघरात उतरताहेत, घराघरांत सरकारी वाहिनी चालू आहे आणि तिच्यावर निवेदक सांगतो आहे की या माणसाला हे सगळे हवे होते आणि अशांना ना विसर पडणार ना माफी मिळणार. चुरुविया यांना मारण्याचा हुकूम कोणी दिला हे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. पण त्या रात्रीनंतर त्यांना मारण्याची परवानगी मात्र हवेत होती. बातमीपत्र वाचणाऱ्याने गोळी झाडली नाही. त्याने फक्त मजकूर वाचला, जसा तो रोज वाचत असे, शुद्ध उच्चारात. पाच-सहा दिवसांत ईस्टर आला.

५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविचची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी तो माहिती कायदाही गेला. खुनाचा तपास मात्र जागचा हलेना. ज्यांनी तपास करायचा त्यांच्यातच संशयित बसलेले होते, आणि नव्या सरकारांना जुन्या गुप्तहेर यंत्रणेशी कधी समझोता करावा लागला, कधी तिचा धसका घ्यावा लागला. पंतप्रधान झोरान जिंजिच यांचाच मार्च २००३ मध्ये खून झाला, आणि त्या कटाची मुळे त्याच यंत्रणेच्या विशेष तुकडीत सापडली. पत्रकारांच्या खुनांचा छडा लावण्यासाठी २०१३ मध्ये आयोग नेमला गेला. पत्रकार आणि पोलीस अधिकारी एकाच टेबलाभोवती बसून जुनी कागदपत्रे उकरतात, अशी त्याची रचना होती. जगात तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. २०१५ मध्ये चौघांवर खटला उभा राहिला: गुप्तहेर खात्याचे तत्कालीन प्रमुख रादोमिर मार्कोविच (जे दुसऱ्या राजकीय खुनाबद्दल आधीच दीर्घ शिक्षा भोगत होते), त्या खात्याच्या बेलग्रेड केंद्राचे प्रमुख मिलान रादोन्यिच, अधिकारी रात्को रोमिच आणि फरारी असलेला मिरोस्लाव कुराक. २०१९ मध्ये चौघांना मिळून शंभर वर्षांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. फेरखटल्यात २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा तेवढीच शिक्षा झाली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने चौघांनाही निर्दोष सोडल्याचे जाहीर झाले. पंचवीस वर्षांनंतर सर्बियाच्या कायद्याच्या लेखी स्लाव्को चुरुविया यांना कोणीही मारलेले नाही.

या निकालावर सर्बियातील पत्रकार संतापले आणि तो संताप समजण्याजोगा आहे. तरीही मला वाटते, शिक्षा कायम राहिली असती तरी एक मोठा भाग अस्पर्शच राहिला असता. खुनाच्या खटल्यात न्यायालय एवढेच विचारू शकते की चापावर बोट कोणाचे होते आणि त्या बोटाला हुकूम कोणाचा होता. चोवीस तासांत सुनावणी उरकून दोनशे वर्षांच्या पगाराचा दंड लिहिणारा न्यायाधीश त्या खटल्यात येत नाही. गठ्ठे जप्त करणारा जकात नाक्यावरचा पोलीस येत नाही. लेख लिहिणारा आणि वाचणारा येत नाही. कायद्याला हात वर करून मत देणारे खासदार येत नाहीत. सरकारी दूरचित्रवाणीने मे २०११ मध्ये नव्वदच्या दशकातील आपल्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली, हे तिच्या खात्यावर जमा केलेच पाहिजे. पण संस्थेने मागितलेल्या माफीची सोय अशी असते की तिच्याखाली कुणाही एकट्या माणसाचे नाव लिहावे लागत नाही.

आणि कायद्याचे जनक? अलेक्सांदर वूचिच यांनी २००८ मध्ये जुना पक्ष सोडला, युरोपवादी झाले, २०१४ मध्ये पंतप्रधान आणि २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. चुरुविया खटल्यातल्या अटका त्यांच्याच पक्षाच्या राजवटीत झाल्या, आयोगही त्यांच्याच सरकारात नेमला गेला, आणि याचे श्रेय ते घेतात. त्यात खोटे काही नाही. खुनाशी त्यांचा संबंध होता असे कोणी सिद्ध केलेले नाही आणि मीही तसे सुचवीत नाही. माझा मुद्दा निराळा आहे, आणि कदाचित जास्त अस्वस्थ करणारा. ज्याने खुनात भाग घेतला नाही पण ज्याने संपादकाचे हातपाय कायद्याने बांधले, त्याच्या कृत्याला आपल्याकडे नावच नाही. ते गुन्ह्यात बसत नाही, धोरणात बसते. धोरण चुकले असे नंतर म्हणता येते, वय लहान होते असे म्हणता येते, काळ तसा होता असे म्हणता येते. गोळीबद्दल असे काहीच म्हणता येत नाही, म्हणून सगळे जण गोळीविषयीच बोलणे पसंत करतात. स्मृतिदिनाला फुले वाहायला मंत्रीही येऊ शकतात. चुरुविया यांना हुतात्मा करण्यातला हा धोका आहे. हुतात्म्याला मारेकरी लागतो, कारकून पुरत नाही.

आजच्या सर्बियात चोवीस तासांच्या दंडाचा कायदा नाही. सरकारी जाहिराती कोणाला मिळतात आणि कोणाला नाही, केबलचे जाळे कोणाच्या मालकीचे आहे, टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर आज कोणत्या पत्रकाराचा फोटो ‘देशद्रोही’ म्हणून आला आहे, यांवर बरेचसे काम भागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नोवी साद येथील रेल्वे स्थानकाचे छत कोसळून माणसे मेल्यानंतर जी आंदोलने उभी राहिली, त्यांचे वार्तांकन करणाऱ्यांना मारहाण झाली, शिव्या खाव्या लागल्या. हत्यारे पुष्कळ बोथट झाली आहेत, पण क्रम ओळखीचा आहे: आधी पैशाची नाडी, मग पहिल्या पानावरचे नाव.

चुरुविया यांच्यावर गुप्तहेर खात्याने ठेवलेल्या पाळतीची फाईल राजवट पडल्यानंतर बाहेर आली. त्या फाईलमध्ये त्यांचे टोपणनाव ‘चुरान’ आहे. सर्बियन भाषेत याचा अर्थ नर टर्की, सणाला कापतात तो पक्षी. आडनावावरून केलेला कचेरीतला विनोद असावा. फाईल नीटनेटकी आहे. अखेरच्या दिवसांत ते कधी घराबाहेर पडले, कोणाला भेटले, कुठे जेवले, कुठल्या रस्त्याने वळले, याची वेळेसकट नोंद आहे, आणि ती ईस्टरच्या दुपारपर्यंत येते. घराजवळ पोहोचण्याच्या थोडे आधी पाळत मागे घेतली गेली, असे तपासात पुढे आले. त्यामुळे नोंद ठेवणारे कोण होते हे कळते, त्यांच्या वरिष्ठांची पदे कळतात, जेवणाची वेळ कळते. नोंदवहीत नाहीत ती फक्त त्यानंतरची काही मिनिटे.